मान धरली का गं?

बारशाचे पेढे संपत नाहीत तोच चौकशा सुरू होतात. "मान धरली का गं?" "पालथा पडतो का?" "अजून रांगत नाही? आमचा तर..." या 'आमचा तर'च्या पुढे काहीही येऊ शकतं. नवव्या महिन्यात जिना चढत होता, इथपर्यंत!

चौकशी करणाऱ्यांना ठाऊक नसतं की त्या गुबगुबीत दुपट्याच्या आत घरभर वायरिंगचं काम काढलेलं असतं. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढत असतं आणि आवरण चढलं की निरोप भराभर पोचतात. शरीराचा ताबा बाळाला वरून खाली मिळत जातो. आधी मान, मग खांदे नि पाठ, मग कंबर, सर्वांत शेवटी पाय. मान न धरलेलं बाळ आधी चालायला लागलं, असं कुणी सांगितलं तर खुशाल विषय बदला.

टोपडं लहान का होतं?

जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि पहिल्या वाढदिवसाला ४६ च्या आसपास. पहिले तीन महिने तर तो महिन्याला जवळजवळ २ सेंटिमीटरने वाढतो. मावशीने हौसेने विणलेलं टोपडं दुसऱ्या महिन्यातच कपाळावर अडकतं, त्यात मावशीचा दोष नाही. बाळ स्वस्थ पडलेलं असतानाही त्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू खातो. मोठ्यांच्या मेंदूचा वाटा पाचवा हिस्सा.

या वाढीला जागा हवी म्हणून टाळू उघडी असते. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची बहुधा दीड वर्षापर्यंत. आपल्याकडे तेल थापून 'टाळू भरतात'. तेलाने ती भरत नाही, हाडं आपली आपण जुळतात. मालिशीने नाक सरळ होत नाही, तसंच हे.

न शिकवता आलेल्या कला

दार धाडकन आपटलं की बाळ दोन्ही हात फाकवून दचकतं आणि मग कवेत घेतल्यासारखे हात मिटतं. एर्न्स्ट मोरो या डॉक्टरने १९१८ साली याचं वर्णन केलं, म्हणून याचं नाव मोरो प्रतिक्षिप्त क्रिया. चार-सहा महिन्यांत ती नाहीशी होते. तळपायावरून टाचेकडून वर रेघ ओढली की बाळाचा अंगठा वर उचलला जातो. हेच मोठ्या माणसाच्या पायाने केलं, तर डॉक्टरच्या कपाळाला आठ्या पडतात. मेंदू किंवा मज्जारज्जूत बिघाड असल्याची ती खूण, पॅरिसच्या बाबिन्स्कीने १८९६ मध्ये सांगितलेली. बाळाचं वायरिंग खालपर्यंत पोचलेलं नसतं, म्हणून त्याला माफ.

सगळ्यांत गमतीची गोष्ट पावलांची. नवजात बाळाला काखांत हात घालून उभं धरलं आणि पाय जमिनीला टेकवले तर ते चक्क पावलं टाकतं. दोनेक महिन्यांत हे बंद पडतं. पुस्तकं सांगायची, मेंदू पक्व होतो आणि ही क्रिया दाबून टाकतो. अमेरिकेतल्या एस्थर थेलन यांना ते पटेना. त्यांनी नि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळांचे पाय पाण्यात बुडवून बघितले, तर पाण्यात पाय हलके होताच हरवलेली पावलं परत आली! उलट, पावलं टाकणाऱ्या बाळांच्या पायांना छोटी वजनं बांधली तर पावलं कमी झाली. म्हणजे खरी गुन्हेगार मांड्यांवरची चरबी. पाय जड झाले, स्नायूंना तेवढं बळ आलं नव्हतं, एवढंच. हा प्रयोग १९८४ चा. माझ्या मते बालविकासातला याच्याइतका देखणा प्रयोग दुसरा नाही.

तात्या आणि टाट्या

त्याच वर्षी कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक बरोबर कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना कळेना. घरात ऐकूच येत नाही तो फरक मेंदू कशाला सांभाळेल? परदेशात वाढलेला नातू तात्यांना 'टाट्या' म्हणतो, त्याचं मूळ इतकं मागे जातं.

मग यूट्यूबवरची मराठी बडबडगीतं लावून भागेल का? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलेले आवाज बाळांनी टिपले. तीच माणसं, तेच बोलणं रेकॉर्ड करून पडद्यावर दाखवलं, तेव्हा पाटी कोरी. तेव्हा आजीला तिकीट काढून बोलवा.

रडण्यालाही हेल असतो बरं का! फ्रेंच आणि जर्मन नवजात बाळांच्या रडण्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा, जर्मन बाळांचा उतरत येणारा, आईच्या भाषेसारखाच. कोल्हापूर आणि नागपूरच्या टाहोची तुलना कुणीतरी करायला हवी.

रांगलंच नाही तर?

बिघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांचं निरीक्षण करून २००६ मध्ये आकडे दिले. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. केवढा हा पैस! शेजारचं बाळ आणि आपलं बाळ या दोघांना सामावून वर जागा उरते. त्यातली ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये बाळाच्या विकासाच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं.

चालायला शिकणं म्हणजे मुख्यतः पडणं. न्यूयॉर्कमध्ये कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या चमूने १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोजदाद केली, तेव्हा तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ पडणी भरली. चाकांच्या वॉकरमध्ये बसवून यात घाई करू नका. कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. जुना लाकडी पांगुळगाडा शहाणा, कारण त्याला ढकलायला बाळाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजा. दोन महिने आधी आलेलं बाळ सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळासारखंच वागणार.

आता थोडं गंभीर

मधाचं बोट चाटवायची आपली जुनी रीत. वर्षाच्या आत ती मोडाच. मधात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि त्यांचं विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोपच अडवतं. आधी शी अडते, मग रडणं क्षीण होतं, मान ढिली पडते. हा आजार बाळांमध्ये ओळखला गेला १९७६ साली. आपल्या आज्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं, आपल्याला आहे.

दुसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या गावांतल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये ते कमी आढळलं. आईतच तुटवडा असला की अंगावरच्या दुधातही तो उतरतो. मग सहा महिन्यांनंतर हसरं बाळ मलूल होतं, आलेल्या गोष्टी विसरतं, काही बाळांचे हात थरथरतात. वेळेत कळलं तर उपचार अगदी साधा आहे. शाकाहारी आईने गरोदरपणातच डॉक्टरांना याबद्दल विचारावं.

आणि "डावखुरा होणार वाटतं!" हे कौतुक वर्षाच्या आत कानावर आलं तर जरा थांबा. इतक्या लवकर बाळ एकच हात वापरत असेल, तर दुसऱ्या हाताला काय झालंय ते तपासून घ्यायला हवं. तीन महिन्यांपर्यंत चेहऱ्याकडे पाहून हसू नाही, चार महिने झाले तरी मान डुलतेय, अंग फार ताठ किंवा फार लुळं आहे, येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, यांतलं काहीही दिसलं तर 'होईल सावकाश' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. रांगण्यातला उशीर पोटात घालता येतो, आलेलं हरवणं नाही.

या तपासणीसाठी पदरचे फार पैसे लागतात असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. विकासातला उशीर तपासणं हा त्याचा एक भाग आहे, आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. पुढच्या लसीला जाल तेव्हा वजनाबरोबर डोक्याचा घेरही टेपने मोजायला सांगा आणि कार्डावर लिहून घ्या.