जुन्या गाडीचा मूळ रेडिओ पुन्हा बोलता करा 📻

ग्वाल्हेरच्या लष्कर-मुरार भागात ज्यांच्या घरी अजून जुनी ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी आहे, त्यांच्यासाठी. डॅशबोर्डातला मूळ रेडिओ काढून टाकू नका, बहुतेकदा तो दुरुस्त होतो.

१. आधी बॅटरीची जोडणी बघा. काही जुन्या गाड्यांत प्लस टोक बॉडीला असतं. उलटी जोडणी झाली की ट्रान्झिस्टर जळतात.

२. स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ सुरू करू नका. नवा स्पीकर तेवढ्याच ओहमचा घ्या.

३. आवाज फाटत असेल तर सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

४. शेवटी एरियल ट्रिमर. एरियल पूर्ण उघडा, १४०० किलोहर्ट्झजवळचं स्टेशन लावा आणि आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत ट्रिमरचा स्क्रू हळूहळू फिरवा. आकाशवाणी ग्वाल्हेरची १३८६ किलोहर्ट्झची मध्यम लहर चालू असेल तर ती अगदी सोयीची! हे शहराबाहेर करा. सिग्नल क्षीण असला की फरक कानाला नीट कळतो.

५. इंजिन चालू होताच कडकड येते? एरियलचं अर्थिंग आणि डायनॅमोवरचा सप्रेसर कपॅसिटर तपासा.

मूळ नॉब आणि डायलची काच जपून ठेवा. कपॅसिटर बाजारात मिळतात, हे भाग सहसा मिळत नाहीत.