राजधानी पडली, राज्य उभे राहिले

1689 साल सरत आले तेव्हा मराठ्यांचे राज्य बुडाले असे मानायला औरंगजेबाजवळ सगळी कारणे होती. 1 फेब्रुवारीला संगमेश्वरी छत्रपती संभाजी महाराज पकडले गेले. 11 मार्चला त्यांची हत्या झाली. नोव्हेंबरात रायगड पडला आणि महाराणी येसूबाई व सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. त्याआधी 1686 मध्ये विजापूरची आदिलशाही आणि 1687 मध्ये गोवळकोंड्याची कुतुबशाही बुडाली होती. दोन्हीकडे बादशहाचा ठोकताळा खरा ठरला होता. सुलतान हाती आला आणि राजधानी पडली, की मुलूख आपोआप खालसा होतो. तोच ठोकताळा रायगडाला लावला तर दख्खनची मोहीम फत्ते झाली होती.

पण ती मोहीम आणखी अठरा वर्षे चालली. 1707 च्या फेब्रुवारीत अहमदनगरच्या छावणीत औरंगजेब वारला तेव्हाही ती संपली नव्हती. 1681 मध्ये अजमेरहून दक्षिणेकडे निघालेला हा बादशहा उत्तरेत परत कधी गेलाच नाही.

इतिहास थोर माणसे घडवतात की परिस्थिती, हा वाद जुना आहे. टॉमस कार्लाइलने 1840 मध्ये लंडनमधल्या व्याख्यानांतून थोर पुरुषांच्या बाजूने कौल दिला. टॉलस्टॉयने ‘वॉर अँड पीस’मध्ये नेमकी उलट बाजू घेतली. नेपोलियनसुद्धा त्याला असंख्य माणसांच्या ओघात वाहणारा वाटला. हा वाद पडताळून पाहायला मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाइतकी योग्य जागा दुसरी क्वचितच सापडेल. इथे एका बाजूला सगळी सत्ता मुठीत ठेवणारा एक माणूस होता. दुसऱ्या बाजूला एकामागून एक नेते पडत होते आणि तरीही लढाई थांबत नव्हती.

येसूबाईंचा निर्णय

या युद्धाला कलाटणी देणारा पहिला निर्णय रणांगणावर झालाच नाही. तो रायगडावर झाला, आणि तो घेणाऱ्या स्त्रीचा पती नुकताच मारला गेला होता. शाहू लहान होते. त्यांना गादीवर बसवून राज्य आपल्या शाखेत ठेवण्याचा मोह येसूबाईंना झाला असता तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी दीर राजाराम महाराजांना पुढे केले आणि त्यांनी गडाबाहेर पडावे असे ठरवले. एप्रिल 1689 मध्ये राजाराम महाराज रायगडावरून निसटले. येसूबाई मुलासह मागे राहिल्या आणि वेढा आणखी सात महिने चालला. गड पडल्यावर सुरू झालेली त्यांची कैद तब्बल तीन दशकांनी, 1719 मध्ये, पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीवारीनंतर संपली.

राजाचे सगळे कुटुंब एका गडावर सापडू द्यायचे नाही, हे सूत्र त्यांनी ओळखले होते. बादशहाचा ठोकताळा पहिल्यांदा मोडला तो इथे. आपल्या पाठ्यपुस्तकांत या निर्णयाला जेमतेम एक ओळ मिळते. राज्य वाचवणाऱ्या निर्णयांत त्याचे स्थान वरचे आहे.

जिंजीतला राजा, सह्याद्रीतले राज्य

राजाराम महाराज प्रतापगड आणि पन्हाळ्यावरून पुढे थेट जिंजीला गेले. वाटेत केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना आपल्या मुलुखातून सुखरूप जाऊ दिले आणि त्यासाठी बादशहाचा रोष पत्करला. आजच्या तमिळनाडूतला जिंजीचा किल्ला शिवाजी महाराजांनी 1677 च्या दक्षिण मोहिमेत घेतला होता. तेव्हा ही जागा फार दूरची वाटली असेल. बारा वर्षांनी त्या दुरीचाच उपयोग झाला. मोगली फौजा दोन टोकांना ताणल्या गेल्या. मोगल सेनापती जुल्फिकारखानाला जिंजी घ्यायला 1690 ते 1698 अशी आठ वर्षे लागली.

राजा इतक्या लांब असताना महाराष्ट्रात कारभार कोणी चालवायचा? इथे राजाराम महाराजांनी जे केले ते त्या काळच्या राजाला सहसा जमत नसे. त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन जवळपास राजाइतकेच अधिकार दिले. शंकराजी नारायण सचिव त्यांच्या जोडीला होते, परशुराम त्रिंबक होते. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव फौजा घेऊन सह्याद्रीपासून कर्नाटकापर्यंत फिरत होते. किल्ला सोडायचा की लढवायचा आणि कोणत्या ठाण्यावर कधी पडायचे, हे जागच्या जागी ठरत होते.

या काळाचा एक कागद मुद्दाम डोळ्यांपुढे आणावा. 4 जून 1691 रोजी राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना सरंजामाचे वचन दिले. 5 लाख होनांचा सरंजाम, पण टप्प्याटप्प्याने. रायगड प्रांत घेतल्यावर 62,500 होन, विजापूर घेतल्यावर 62,500, भागानगर (हैदराबाद) घेतल्यावर तेवढेच, औरंगाबाद घेतल्यावर तेवढेच. उरलेले अडीच लाख दिल्ली घेतल्यावर! हे वचन देणारा राजा त्या वेळी जिंजीच्या वेढ्यात अडकला होता आणि त्याची स्वतःची राजधानी शत्रूच्या ताब्यात होती. खजिन्यात पैसा नसताना त्याने सरदारांना जे द्यायचे ते शत्रूच्या मुलुखातून द्यायचे ठरवले. शिपायाच्या मनात दिल्लीचे नाव रुजले ते अशा कागदांमुळे.

दोड्डेरी

संताजी घोरपड्यांची युद्धपद्धती नुसत्या गनिमी छाप्यांची होती, असा समज आहे. नोव्हेंबर 1695 मधली दोड्डेरीची लढाई तो समज खोडून काढते. संताजींना अडवण्यासाठी बादशहाने कासिमखानाला पाठवले. त्याच्या मदतीला खानाजादखानासारखे खासे सरदार दिले. कासिमखानाने पाहुण्या सरदारांच्या थाटाला शोभतील असे तंबू आणि सामान मागवून मुख्य फौजेच्या पुढे रवाना केले. संताजींनी फौजेच्या तीन तुकड्या केल्या. एकीने पुढे गेलेला डेरा लुटला. दुसरीने मदतीला धावून आलेल्या मोगलांना गाठले. तिसरी हाताशी राखीव ठेवली आणि नेमक्या वेळी मागे उरलेल्या छावणीवर घातली.

सामान गेले, तोफखाना अपुरा पडला. मोगलांनी चित्रदुर्गाजवळच्या दोड्डेरीच्या लहानशा गढीत आसरा घेतला. आतला दाणागोटा काही दिवसांत संपला. जनावरे उपाशी मेली. अफूची सवय असलेला कासिमखान तिथेच मेला. काहींच्या मते त्याने विष घेतले. उरलेल्या सरदारांनी 20 लाखांची खंडणी कबूल करून जीव वाचवला. दोन महिन्यांच्या आत, जानेवारी 1696 मध्ये, मदतीला निघालेला हिंमतखानही बसवापट्टणजवळ संताजींशी लढताना मारला गेला. बादशहाचे दोन नामांकित सेनापती एकाच मोसमात गेले.

असा सेनापती दुसरा झाला नाही. तरीही 1697 मध्ये संताजी मारले गेले ते स्वकीयांच्या हातून. राजाशी आणि धनाजींशी त्यांचे बिनसले होते आणि जुन्या वैरातून नागोजी माने यांनी त्यांचा काटा काढला. मराठ्यांचे या युद्धातले हे सर्वांत मोठे नुकसान होते, आणि ते त्यांनी स्वतःच करून घेतले. लढाई मात्र थांबली नाही. 1698 मध्ये जिंजी पडली तोवर राजाराम महाराज तिथून निसटले होते; पुढे ते विशाळगडी आले. 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर त्यांचे निधन झाले. तेव्हाही लढाई थांबली नाही. त्यांच्या पत्नी आणि सेनापती हंबीरराव मोहित्यांची कन्या, अवघ्या पंचविशीतल्या ताराबाई, आपला लहानगा मुलगा शिवाजी याला गादीवर बसवून उभ्या राहिल्या. पुढच्या सात वर्षांत मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत शिरल्या. बादशहा महाराष्ट्रात किल्ले घेत होता आणि मराठे त्याच्या घरच्या सुभ्यांत चौथ वसूल करत होते.

एका माणसाची सल्तनत

आता दुसरी बाजू पाहू. औरंगजेबाची जिद्द, कष्टाळूपणा, वैयक्तिक शौर्य याबद्दल त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती. ऐंशी ओलांडल्यावरही तो स्वतः वेढ्यांवर जात होता. पण त्याचा कोणावर विश्वास नव्हता. हयात मुलांतला थोरला मुअज्जम याला त्याने 1687 मध्ये कैद केले आणि कित्येक वर्षे सोडले नाही. शहजादा अकबर बंड करून आधीच गेला होता. धाकटा शहजादा कामबक्ष याला जिंजीच्या वेढ्यात मोगल सेनापतींनीच नजरकैदेत टाकले. निर्णय घेणारा एकच माणूस, म्हणून सारे सरदार त्याच्या तोंडाकडे पाहत. लढाई संपली तर मनसब आणि मेहेरबानी कशी टिकेल, ही काळजी त्यांना युद्ध लांबवायला लावत होती.

1695 मध्ये इटालियन प्रवासी जेमेली कारेरी याने गलगल्याची बादशाही छावणी पाहिली. तीस मैलांचा घेर आणि अडीचशे बाजार असलेले ते चालते शहर होते. ते जिथे जाई तिथला दाणा, चारा, लाकूड फस्त होई. 1700 च्या एप्रिलमध्ये साताऱ्याच्या वेढ्यात मोगलांचा एक सुरुंग उलटा उडून त्यांचीच माणसे शेकड्यांनी दगडांखाली गाडली गेली. 1702 च्या जूनमध्ये विशाळगड हाती आला, तोही किल्लेदाराला पैसे चारून. परतताना पावसाळ्याने गाठले. विशाळगड ते पन्हाळा हे सुमारे 30 मैलांचे अंतर कापायला बादशाही लष्कराला 38 दिवस लागले. ओढे भरले होते, हत्ती चिखलात रुतत होते, उंट तर त्या घाटात टिकेचनात. पैसे देऊन घेतलेले किल्ले बादशहाची पाठ वळताच मराठे परत घेऊ लागले.

दोन किमती

या युद्धाची पहिली किंमत रयतेने मोजली. प्रवासी निकोलाव मनुची लिहितो की 1702 ते 1704 या काळात दुष्काळ आणि साथीने दख्खनेत 20 लाखांहून अधिक माणसे मेली. आकडा अंदाजाचा असला तरी अनर्थ खरा होता. पुढच्या पिढीतल्या वतनाच्या भांडणांत ‘ताम्रांच्या (म्हणजे मोगलांच्या) धामधुमीत’ गाव उजाड झाले, कागद गेले, माणसे परागंदा झाली, अशा हकिकती पुन्हा पुन्हा येतात. दोन्ही फौजांचे पोट याच शेतांवर भरत होते. पराक्रमाची गाथा गाताना हे विसरणे अन्याय ठरेल.

दुसरी किंमत राज्याच्या घडणीने मोजली. शिवाजी महाराजांनी रोख पगाराची फौज ठेवली होती आणि वतनदारांना आवर घातला होता. औरंगजेब वतनांचे आमिष दाखवू लागल्यावर राजाराम महाराजांनाही सरंजाम आणि वतने द्यावी लागली. त्यावाचून राज्य तगले नसते. पण सरदारांच्या स्वतंत्र सुभेदाऱ्यांची बीजे तिथेच पडली. त्याच रामचंद्रपंतांनी 1715 च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी कडक इशारा दिला आहे. आपण काय देऊन राज्य वाचवले, हे त्या कारभाऱ्याला पुरते ठाऊक होते.

म्हणून कार्लाइल आणि टॉलस्टॉय यांच्या वादात मला या युद्धाचा कौल असा वाटतो: नेत्यामुळे इतिहास बदलतो हे खरे, पण त्याचा खरा कस लागतो तो त्याच्या पश्चात. औरंगजेबाच्या मागे काही महिन्यांत त्याची मुले एकमेकांवर तुटून पडली आणि आजमशहा जाजऊच्या लढाईत मारला गेला. शिवाजी महाराजांच्या मागे मात्र सत्तावीस वर्षे रयतेतली, देशमुखांतली, कारभाऱ्यांतली माणसे आपण होऊन लढत राहिली. हे राज्य आपले आहे ही भावना महाराजांनी लोकांत पेरली होती. शिवाजी महाराजांचे थोरपण मोजायला याहून मोठे माप नाही.

यातल्या बहुतेक माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. जी ठाऊक आहेत ती घराघरांतल्या कागदांमुळे. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांनी आपली शकावली लोकमान्य टिळकांच्या हवाली केली आणि 1916 मध्ये ती छापली गेली. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीपासून या युद्धातल्या कित्येक प्रसंगांच्या तारखांपर्यंत आपण आजही तिच्या आधाराने बोलतो. एका घराने पेटीतले कागद बाहेर काढले म्हणून हे झाले. तुमच्या घरी, गावच्या वाड्यात, देवळाच्या पेटीत मोडी लिपीतले जुने कागद असतील तर ते वाळवीला देऊ नका. ज्यांना मोडी वाचता येते त्यांना दाखवा आणि 1910 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेपर्यंत पोहोचवा. ज्यांनी राजा नसतानाही राज्य राखले, त्यांची नावे त्या कागदांत आहेत.