पानं पिवळी दिसताच सोयाबीनला युरिया? आधी मुळांवरच्या गाठी पाहा

सोयाबीन पिवळं दिसलं की अनेक शेतकरी युरियाची गोणी उघडतात. पण या पिकाला लागणाऱ्या नत्राचा मोठा वाटा मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतून मिळवून देतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, मात्र पिकाला तो थेट घेता येत नाही.

गाठ कशी तयार होते?
सोयाबीनची मुळं मातीत फ्लॅव्होनॉइड नावाची रसायनं सोडतात. ती ओळखून जिवाणू उलट रासायनिक संदेश पाठवतात. मग मुळावरचा केसासारखा तंतू वळतो, जिवाणू आत शिरतात आणि गाठ धरते. जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचं अमोनियात रूपांतर करतात, त्या बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी गाठींमधले हे जिवाणू वेगळे करून दाखवले.

युरिया जास्त झाला तर?
मातीत तयार नत्र भरपूर असेल, तर झाड गाठींवर साखर खर्च करत नाही. गाठी कमी धरतात. गाठी तयार होईपर्यंत पेरणीवेळची शिफारशीइतकी मात्रा लागते, पण त्यावर वाढवलेला युरिया म्हणजे फुकटचा नत्र विकत घेणं.

गाठी काम करतात का, कसं ओळखायचं?
फुलोऱ्याच्या सुमारास दोन-चार झाडं मातीसकट खोदून काढा. उपटली तर गाठी जमिनीतच राहतात. गाठ नखाने किंवा ब्लेडने कापा. आतून गुलाबी किंवा लालसर असेल तर काम सुरू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते गाठीतला मोकळा ऑक्सिजन कमी ठेवतं, कारण ऑक्सिजनमुळे नायट्रोजन बांधणारं विकर निकामी होतं. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी दिसली तर तिचं काम संपलं आहे.

जिवाणू संवर्धक घेताना काय पाहायचं?
- पाकिटावर पिकाचं नाव बघा. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम. एकाचं पाकीट दुसऱ्याला चालत नाही.
- बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू.
- पाकिटावरची अंतिम तारीख तपासा, पाकीट उन्हात ठेवू नका. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरा.

गाठी गुलाबी असूनही पीक पिवळंच असेल, तर कारण नत्राऐवजी लोहाची कमतरता, साचलेलं पाणी किंवा रोग असू शकतं. अशा वेळी युरिया टाकून उपयोग नाही. आधी कृषी सहायकांना पीक दाखवा.