पस्तीस टंकांत देवनागरीचा ‘अ’ नाही

समजा, मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर जुळवून घेतलेली कुलवृत्तान्ताची फाईल आज म्हापशातील नातलगांना पाठवली. फाईल उघडते, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याच्या चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर बिघडलेला नसतो. ज्या टंकात, म्हणजे फाँटमध्ये, तो जुळवला तो टंक म्हापशाच्या संगणकावर नसतो.

इंग्रजी मजकुरावर ही वेळ क्वचितच आली. अडोबी कंपनीने १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही छापील पानाचे वर्णन करणारी भाषा आणली. पुढच्याच वर्षी आलेल्या ॲपलच्या लेझररायटर या प्रिंटरमध्ये टाइम्स, हेल्वेटिका, कुरियर व सिंबॉल यांचे मिळून १३ टंक कायमचे बसवलेले होते. त्याच्या सुधारित आवृत्तीत ते ३५ झाले आणि हाच संच प्रमाण ठरला.

याचा खरा लाभ डोनाल्ड क्नूथ यांच्या टेकसारख्या अक्षरजुळणी प्रणालीत दिसतो. ओळ कोठे तोडावी हे ठरवताना टेकला अक्षराचे रूप ठाऊक असण्याची गरज नसते. त्याची रुंदी, उंची आणि शेजारच्या अक्षराशी राखायचे अंतर एवढे पुरते. ही मापे एका लहानशा फाइलीत मावतात. त्यामुळे लॅटेकमध्ये आरंभी ‘टाइम्स’ची एका ओळीची सूचना दिली की जुळणी मापांवर होई आणि अक्षरे प्रिंटर स्वतः काढी. टंक सोबत धाडण्याचे कारणच नव्हते. नसलेला टंक मागितला, तर प्रिंटर बहुधा कुरियरमध्ये छापून मोकळा होई. १९९६ मध्ये जर्मनीच्या यूआरडब्ल्यू कंपनीने या ३५ टंकांचे समतुल्य संच मुक्त परवान्याखाली दिले; टेकमध्ये आजही तेच कामी येतात.

या पस्तिसांत ग्रीक अक्षरे आहेत, कात्रीचे चित्रसुद्धा आहे. देवनागरीचा ‘अ’ मात्र नाही. शिवाय अशा टंकात एका वेळी २५६ च जागा वापरता येत. जोडाक्षरांचा पसारा त्यात मावेना. म्हणून टंककारांनी अक्षरांचे तुकडे केले आणि ते इंग्रजी अक्षरांच्या जागी, प्रत्येकाने आपल्या सोयीने, बसवले. एकाच्या ‘क’च्या जागी दुसऱ्याचा ‘ळ’.

गोमंतकाला ही अडचण नवी नाही. १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना येथे आला. तरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. देशी लिपीसाठी सहाशेच्या घरात साचे लागतील, ही अडचण त्यांनी १६०८ च्या पत्रात मांडली होती.

युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि जोडाक्षरे घडवण्याचे नियम ओपनटाइप टंकातच आले. २००४ मध्ये आलेली झीटेक प्रणाली असे टंक थेट वापरते. जुन्या फाइलींचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. पीडीएफमध्ये टंक अंतर्भूत असेल, तर पान नीट दिसते. पण मजकूर शोधता वा उचलता येईलच असे नाही. त्यासाठी परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि परिवर्तकाला आधी मूळ टंकाचे नाव सांगावे लागते. ते पीडीएफच्या गुणधर्मांतील फाँटच्या यादीत बहुधा सापडते. अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या संपादन-प्रणालींतून जुन्या टाइप १ टंकांचा आधार काढून घेतला आहे. तेव्हा कपाटातल्या सीडीवर ते नाव आजच लिहून ठेवलेले बरे.