ओजिमाचे दिवे आणि ओटाचे क्रीडागृह

जपानच्या गुन्मा प्रांतातील ओजिमा हे गाव २००५ साली ओटा नगरात विलीन झाले. कागदोपत्री त्याचे वेगळेपण संपले. पुढे २०२१ साली 'गुन्मा क्रेन थंडर्स' हा बास्केटबॉल संघ माएबाशीहून ओटा येथे आला, आणि २०२३ साली त्याच्यासाठी सुमारे ५,००० प्रेक्षकांचे नवे क्रीडागृह खुले झाले. नगरवासीयांचा आनंद गगनात मावेना! जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर पहिला कसोटी सामना झाला, तेव्हाची मुंबई आम्हांस आठवली.

तथापि ओजिमाकरांनी रंगीत कागदी दिव्यांच्या रथांचा आपला ऑगस्टमधील नेपुता उत्सव सोडलेला नाही. नव्या घराचा जयघोष करावा, जुना दिवाही तेवत ठेवावा. हे आम्हां स्थलांतरितांस निराळे सांगावयास नको.