पाण्यावरचा मुक्काम

मुलांनो, समुद्रावर उभ्या असलेल्या घरात राहायला तुम्हांला आवडेल ना? मालदीवमध्ये अशी खोली फार महाग पडते, कारण तेथे धान्यापासून इंधनापर्यंत जवळजवळ सारे बाहेरून बोटीने आणावे लागते. थायलंडमधील को पान्यी या गावी मात्र ती स्वस्तात मिळते. हे मुसलमान कोळ्यांचे गाव. त्यांचे पूर्वज जावाहून आले. एका उंच खडकाच्या पायथ्याशी, उथळ पाण्यात खांब रोवून त्यांनी घरे बांधली. गावात मशीद आहे, शाळा आहे. आणि १९८६ चा विश्वचषक पाहून मुलांनी जुन्या फळ्यांचे तरंगते फुटबॉल मैदानसुद्धा बनवले! दुपारी पर्यटकांची गर्दी असते. संध्याकाळी त्यांच्या बोटी परततात आणि गाव पुन्हा गावकऱ्यांचे होते. मुक्कामाची खरी मजा तेव्हाच. खोली साधी असते. भरतीला फळ्यांखाली पाणी खळखळते. ओहोटीला मात्र चिखल दिसतो, हेही सांगायला हवे.