डोंगरवाटेने जाताना

मुलांनो, पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाभोवती डोंगरच डोंगर आहेत. सकाळी भाकरी बांधून निघावे, दिवसभर डोंगर पाहावा आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, अशा अनेक वाटा येथे आहेत. आज आपण त्यांपैकी दोन वाटांची ओळख करून घेऊ.

हे डोंगर कसे तयार झाले, ते आधी पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो थंड होऊन त्याचा काळा खडक झाला. असे पुन्हापुन्हा घडले आणि थरावर थर साचत गेले. काही थर कठीण होते, तर काही मऊ. पावसाने मऊ थर लवकर झिजले, तेथे उतार झाले. कठीण थर टिकून राहिले, तेथे उभे कडे झाले. म्हणूनच सह्याद्रीचा डोंगर दुरून पायऱ्यांसारखा दिसतो. अशा डोंगरावर चालताना उतार संपला की पुढे कडा असण्याची शक्यता असते, हे लक्षात ठेवा.

पहिली वाट शिवनेरीची. हा किल्ला जुन्नर गावाला अगदी लागून आहे. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म येथेच झाला. किल्ला, दरवाजा, बुरूज हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. वर जाताना एकामागून एक सात दरवाजे लागतात. त्यांतील एकाचे नाव पीर दरवाजा. वर शिवाईदेवीचे मंदिर आहे, कमानी मशीद आहे आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. त्यांपैकी दोन टाक्यांना गंगा-जमुना म्हणतात. पावसाचे पाणी साठवून माणसे इतक्या उंचावर कशी राहत असतील, हे तेथे उभे राहिले की समजते.

दुसरी वाट नाणेघाटाची. जुन्नरपासून सुमारे ३० किलोमीटरवर डोंगर एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला येत असे. घाटातील गुहेत सातवाहन काळातील ब्राह्मी लिपीतला लेख आहे. दानात दिलेल्या गाई, घोडे व नाणी यांची संख्या त्यात अंकांनी लिहिली आहे. आपल्या देशातील फार जुन्या अंकांपैकी हे अंक आहेत. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत असत, असे लोक सांगतात. पावसाळ्यात येथे आणखी एक गंमत दिसते. कोकणातून येणारा जोराचा वारा कड्याला धडकून वर चढतो आणि धबधब्याचे पाणी उलटे वर उडवतो.

आता मी माझीच एक चूक तुम्हांला सांगतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी मुलांना घेऊन नाणेघाटाला गेलो होतो. वाट दाखवण्यासाठी मी सर्वांच्या पुढे चालत होतो. मागे कोणीही मोठे माणूस नव्हते. एवढ्यात धुके उतरले. दहा पावलांपलीकडचे दिसेना. गुहेजवळ पोहोचल्यावर मी मुले मोजली, तर तीन कमी भरली. बाजूला खोल कडा होता. माझ्या छातीत धस्स झाले. मुलांना गुहेत बसवून मी शिट्टी वाजवत मागे फिरलो. बऱ्याच वेळाने पलीकडून हाक ऐकू आली. ती तिघे एका दगडाला टेकून, हातात हात धरून बसली होती. त्यांतला एकजण म्हणाला, “सर, वाट दिसेना, म्हणून आम्ही जागचे हललोच नाही.” त्या शहाणपणाने तिघांचे प्राण वाचले. त्या दिवसापासून सर्वांत शेवटी एक मोठे माणूस असल्याशिवाय मी डोंगरावर पाऊल ठेवत नाही.

डोंगरावर वेळेचा हिशेबही हवा. १८९२ साली विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा नियम सांगितला. दर ५ किलोमीटर चालण्याला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरावा. समजा, जाऊन-येऊन वाट १० किलोमीटर आहे आणि चढ ६०० मीटर आहे, तर तीन तास लागतील. बरोबर लहान मुले असतील, तर विश्रांतीसाठी निम्मा वेळ वाढवा, म्हणजे साडेचार तास झाले. परतायची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा. ती वेळ झाली, की शिखर समोर दिसत असले तरी मागे फिरा. जुन्नर परिसरातील उसाच्या शेतांत बिबटे असतात, म्हणून अंधारापूर्वी घरी पोहोचलेलेच बरे.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा. कोठे जाणार आणि कधी परतणार, ते अम्मी-अब्बांना सांगून निघा. प्रत्येकाने निदान दोन लिटर पाणी घ्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून त्या दिवशी अत्तर लावू नका, धूर करू नका आणि आरडाओरडा करू नका. शिट्टी जवळ ठेवा. वाट चुकली तर जागीच थांबा आणि शिट्टी वाजवा. कागद व पिशव्या परत आणा. जुन्या भिंतींवर नावे कोरू नका.

मुलांनो, डोंगर कोठेही पळून जात नाही. आज अर्ध्या वाटेवरून परतलात, तर उद्या पुन्हा जाता येईल. पण त्यासाठी आज सुखरूप घरी यायला हवे.